फ्रेम गळते कुठे

हलगीवरून कळतं. भटजींच्या ओठांवरून कळायला वेळ लागतो, वरातीतल्या बँडच्या गोंगाटात तर कळतच नाही. पण हलगीवर टिपरी पडली आणि आवाज मागून आला, लांब ओढ्यावर कुणी धुणं आपटताना येतो तसा, की समजायचं, कॅप्चर करताना फ्रेम गळल्या. आवाज अखंड उतरला, चित्र मधेमधे तुटलं, म्हणून चित्र पुढे निघून गेलं.

लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं माझं काम. जिल्हा आता अहिल्यानगर झाला, कॅसेटींच्या पाठीवर मात्र बॉलपेननं ‘नगर’च लिहिलेलं असतं. कॅसेट हातात घेतली की तालुका सांगतो, असं मी गमतीनं म्हणतो. ते अगदीच खोटं नाही. पाथर्डी-जामखेडच्या कॅसेटीतून धूळ निघते. भंडारदऱ्याकडची उघडली की कुबट वास येतो आणि खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. ती तशीच व्हीसीआरमध्ये सरकवली तर हेड घाण झालंच म्हणून समजा. 2016च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीनंही व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हापासून हेड तळहातावरच्या फोडासारखं जपतो.

राजूरकडचे एक मामा 1994 सालची कॅसेट घेऊन आले. त्यांच्याच लग्नाची, तीन तासांची. आपल्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे तासाला 90 हजार. बुरशी पुसून, रीळ एकदा पुढे-मागे फिरवून कॅप्चर लावलं. संपलं तेव्हा व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या प्रोग्रॅमच्या खिडकीत ड्रॉपचा आकडा होता 412. साडेसोळा सेकंद! तेवढ्यात अंतरपाट दूर होऊन हारसुद्धा घालून होतात.

अशा वेळी बहुतेक जण कॅसेटला बोल लावतात. उरलेले नवा कॉम्प्युटर घेतात. मी कागद-पेन घेतो. तीच कॅसेट पुन्हा लावायची आणि ड्रॉप कुठे कुठे पडला ती वेळ लिहायची. दोन्ही फेऱ्यांत जागा बदलल्या तर दोष कॉम्प्युटरचा, त्याच राहिल्या तर कॅसेटचा. याहून चांगलं यंत्र मला अजून मिळालेलं नाही.

दुसऱ्या फेरीत बहुतेक जागा बदलल्या. अँटीव्हायरस बंदच होता, स्क्रीनसेव्हर बंद, कॅप्चरची हार्डडिस्क वेगळी आणि निम्मी रिकामी. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला, आणि चोर तिथं सापडला. माझं कॅप्चर कार्ड जुनं, त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज एक्सपीवर चालतो, म्हणून मशीनही एक्सपीचं. डिस्कशी बोलताना वारंवार चुका झाल्या की एक्सपी गुपचूप डीएमए सोडून पीआयओवर उतरतो. म्हणजे डिस्कवरची एकेक पाटी प्रोसेसरलाच डोक्यावरून वाहावी लागते. न दाबलेलं चित्र सेकंदाला वीस मेगाबाइट. हफयूव्हीनं दाबून ते निम्म्यावर येतं, पण ते दाबायलाही प्रोसेसरच लागतो. बिचारा एकाच वेळी दळणार किती आणि वाहणार किती? चुकांचं कारण दुमडलेली पट्टी केबल. ती बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्कचं चॅनल काढून मशीन पुन्हा चालू केलं. डीएमए परत आला.

तिसऱ्या फेरीत ड्रॉप उरले 31. सगळे एकाच ठिकाणी, एक तास बारा मिनिटांच्या आसपास, आणि कागद पाहिला तर आधीच्या दोन्ही फेऱ्यांतही तिथं होतेच. ही जागा कॅसेटची.

तिथं पडद्यावर मुंग्या येत होत्या, वरची कड वाकत होती. व्हीसीआर पॉज केला की टेप थांबते, हेडचा ड्रम थांबत नाही. तो मिनिटाला 1500 फेरे घेत टेपच्या त्याच छोट्या तुकड्यावर घासत राहतो. घरात जे दृश्य सगळ्यात जास्त वेळा थांबवून पाहिलं, तिथलंच लोहभस्म सगळ्यात आधी झडतं. सिग्नल पुसट झाला की फ्रेम कुठे सुरू झाली हे कार्डाला कळत नाही, आणि ते ती सोडून देतं. यावर उपाय म्हणून मी व्हीसीआर आणि कार्डाच्या मधे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर बसवतो. रेकॉर्डिंगसाठी नाही. तो येणारं चित्र क्षणभर स्वतःजवळ धरतो आणि ठरल्या तालावर पुढे सोडतो. चित्राच्या मुंग्या जात नाहीत, पण फ्रेम मोजून पंचवीस निघतात. चौथी फेरी, ड्रॉप शून्य. हलगी आणि टिपरी एकत्र.

मामा न्यायला आले तेव्हा मी सरळ एक तास बारा मिनिटांवर गेलो. मांडवाच्या कडेला पत्र्याच्या डब्यावर बसून एक म्हातारी पत्रावळीवर जेवत होती. कॅमेरा आपल्याकडे वळलेला पाहून तिनं पदर पुढे ओढला आणि हसली. चारेक सेकंद. मामांनी तिचा दुसरा फोटो नसल्याचं सांगितलं. पोरांना आजी दाखवायची म्हणून दर दिवाळीला इथंच थांबवायचे.

“जरा थांबवा की,” ते म्हणाले.

सवयीनं माझा हात व्हीसीआरकडे गेला. कॅसेट अजून आतच होती. मी हात मागे घेतला आणि कीबोर्डवरचा स्पेसबार दाबला.