घोरणारांची झोंप

एकत्र कुटुंबांत कोणाची कोणती खोड लपून राहत नाहीं, आणि घोरणें तर मुळींच नाहीं. लग्नकार्यास पाहुणे जमले, म्हणजे रात्रीं अंथरुणें घालतांना कोणास कोठें निजवावयाचें हें नात्याच्या मानापेक्षां घोरण्याच्या मानानेंच ठरतें. मामांस ओसरीवर, आत्याबाईंस कोठीच्या खोलींत, असा बेत न बोलतां होतो. आणि सकाळीं चहाच्या वेळीं रात्रीच्या मैफलीवर टीका सुरू होते. ज्यांच्यावर टीका व्हावयाची तेही हंसत असतात, कारण ती मैफल त्यांनीं स्वतः ऐकलेली नसते. या थट्टेंत वाईट असें कांहीं नाहीं. मात्र तिच्या मुळाशीं एक समज आहे, तो खोटा आहे, आणि त्याविषयींच आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें. जो घोरतो त्यास झोंप गाढ लागते, हा तो समज.

या समजास कुंभकर्णाची साक्ष काढितात. इंद्रासन मागावयाचें तें जीभ अडखळून निद्रासन मागून बसला, ही कथा सांगतांना कीर्तनकार त्याचें घोरणेंही मोठ्या हौसेनें करून दाखवितात, आणि भिंतीस टेकलेले एखादे श्रोते त्यांस मनापासून साथ देत असतात! वस्तुस्थिति पुष्कळदां उलट असते. झोंप लागली म्हणजे घशाचे स्नायु सैल पडतात, जीभ मागें सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या वाटेनें जाणारी हवा पडजीभ व टाळूचा मागला मऊ भाग थरथरविते. तोच घोरण्याचा आवाज. कित्येकांचें एवढ्यावरच भागतें. परंतु कांहींच्या घशांत ती वाट मधून मधून अजीबात मिटते. छाती वरखालीं होत असते, पण हवा आंत जात नाहीं. रक्तांतील प्राणवायु उतरूं लागतो. मेंदु घाबरा होऊन निजलेल्यास क्षणभर जागा करितो. मोठा फुत्कार टाकून श्वास पुन्हां सुरू होतो, आणि मनुष्य पुन्हां झोंपीं जातो. सकाळीं त्यास यांतील कांहींच आठवत नाहीं. श्वास निदान १० सेकंद अडकला किंवा फारच मंदावला, म्हणजे डॉक्टर तो एक प्रसंग धरितात. प्रौढ मनुष्यास तासाभरांत असे ५ हून कमी प्रसंग आले तर चिंता नसते. ३० किंवा अधिक आले तर रोग तीव्र समजतात. तासास ३० म्हणजे दर दोन मिनिटांनीं एकदां. दर दोन मिनिटांनीं खांदा धरून ज्यास कोणी हलवितो, तो गाढ निजला आहे असें आपण म्हणूं काय? या विकारास स्लीप ॲप्निया असें नांव आहे.

निद्रेचें महत्त्व आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. चरकसंहितेंत आहार व ब्रह्मचर्य यांच्या जोडीनें निद्रेस शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिलें आहे. पण झोंपेच्या आंत काय चालतें हें कळण्यास मेंदूच्या विद्युल्लहरी टिपणारीं साधनें निघावीं लागलीं. १९५३ सालीं शिकागो येथें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं दाखविलें, कीं झोंप ही एकसारखी नसून तिच्यांत डोळे भराभर हलण्याचा एक निराळाच काळ येतो, व स्वप्नें बहुधा त्या काळांत पडतात. पुढें १९६५ सालीं फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनीं निजलेल्या रोग्यांचा श्वास रात्रभर नोंदला, तेव्हां हें वारंवार अडकणें उघडकीस आलें. त्या काळीं खरा उपाय एकच होता: गळ्यापाशीं श्वासनलिकेस छिद्र पाडणें. १९८१ सालीं सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं नाकावाटें हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली, आणि रोग्यांचा तो वनवास टळला. हा रोग केवळ परदेशांतला, असेंही कोणी समजूं नये. मुंबईंत ३५ ते ६५ वर्षांच्या ६५८ पुरुषांची पाहणी डॉक्टर उदवाडिया यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केली. तींत शेंकडा साडेसात पुरुषांस हा विकार लक्षणांसह असावा असा अंदाज निघाला. म्हणजे तेरा-चौदांत एक.

आतां घरची गोष्ट. आमचे एक काका कचेरींतून निवृत्त झालेले. त्यांचें घोरणें आमच्या आळींत प्रसिद्ध होतें. दिवसा जपमाळ हातांत घेतली कीं दुसऱ्या-तिसऱ्या मण्यावर मान कलावी. सकाळीं डोकें जड. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असूनही रक्तदाब उतरेना. सर्वांनीं तें वयावर घातलें. एका तरुण डॉक्टरांनीं मात्र रोग्यास सोडून काकूंस विचारलें, "रात्रीं हे कसे निजतात?" असा प्रश्न त्यांस आजवर कोणीं केला नव्हता. काकू म्हणाल्या, "घोरण्याचं मेलं काय एवढं! तें मधेंच थांबतं, त्याची मला भीति वाटते. थांबलं कीं मी आंकडे मोजतें, आणि वीसाच्या पुढें गेलें कीं ह्यांना हलवतें." पंधरा वर्षें ही बाई अंधारांत आंकडे मोजीत होती! तपासणींत तासास ४२ प्रसंग निघाले.

यंत्र घरीं आलें तेव्हां नळी व मुखवटा पाहून नातवंडांनीं काकांस गणपति ठरविलें. काका चिडले, आणि पहिल्या आठवड्यांत दोन वेळां तें यंत्र त्यांनीं कपाटांत टाकलें. काकूंनीं तें दोन्ही वेळां बाहेर काढलें. तीनेक आठवड्यांनीं एका सकाळीं त्यांनीं वर्तमानपत्राचा अग्रलेख न डुलकतां शेवटपर्यंत वाचला आणि त्यावर जेवणाच्या वेळीं आम्हां सर्वांशीं वाद घातला. पुढें डॉक्टरांनीं एक गोळी कमी केली. यंत्र कांहीं रोग घालवीत नाहीं. तें ज्या रात्रीं लावावें त्या रात्रींपुरतेंच काम करितें, हेंही सांगून ठेवणें बरें.

आमच्या मतें या गोष्टींत खरें महत्त्व त्या तरुण डॉक्टरांच्या प्रश्नास आहे. हा रोग असा चमत्कारिक, कीं ज्यास तो होतो त्यासच त्याचा पत्ता नसतो. साक्ष द्यावयाची ती शेजारीं निजणारानें. पूर्वीं माजघरांत सारीं एका रांगेनें निजत, तेव्हां साक्षीदारांस तोटा नव्हता. आतां ज्याला त्याला निराळी खोली, आणि विधुर आजोबांच्या खोलीचें दार तर रात्रीं बंदच असतें. अशा वेळीं मोबाइलवर अर्धा तास आवाज टिपून तो डॉक्टरांस ऐकविला तरी पुष्कळ काम होतें. लठ्ठपणा व जाड मान यांनीं रोग बळावतो, पण सडपातळ माणसासही तो होतो. उताणें निजण्यापेक्षां कुशीवर निजणें बरें. आणि झोंप नीट लागत नाहीं म्हणून आपल्या मनानें झोंपेची गोळी घेणें तर फारच घातक; तिनें घसा अधिकच सैल पडण्याची भीति. मद्याचेंही तसेंच. मुलांत वाढलेले टॉन्सिल हें याचें नेहमींचें कारण असतें. तोंड उघडें टाकून घोरणारा आणि वर्गांत चित्त नसणारा मुलगा मठ्ठ ठरण्यापूर्वीं त्याचा घसा पाहावा.

राहिल्या स्त्रिया. त्यांस हा विकार पुरुषांपेक्षां कमी होतो हें खरें. परंतु पाळी थांबल्यानंतर त्याचें प्रमाण वाढतें. शिवाय त्यांच्यांत तो घोरण्यापेक्षां शीण, डोकेदुखी किंवा रात्रीं झोंपच न लागणें अशा रूपानें पुष्कळदां दिसतो, आणि घरांत सर्वांच्या मागून निजून सर्वांच्या आधीं उठणाऱ्या बाईचा शीण कामावर घातला, कीं पुढें कोणी विचारीत नाहीं. काका आतां स्वस्थ निजतात. पलीकडच्या खोलींतील त्यांच्या सूनबाईंच्या कानांवर हल्लीं निराळाच आवाज येतो, आणि तोही मधेंच थांबतो. काकूंपुढें गोष्ट काढतांच त्या म्हणाल्या, "बायकामाणसाचं घोरणं डॉक्टरांना काय सांगायचं? लाज वाटते." सूनबाईंनीं पुढल्या महिन्याची तारीख घेऊन ठेविली आहे. काकू अद्याप तयार नाहींत.