मागाच्या खोलीतला वारा

एप्रिलातली दुपार होती. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची ९६ पानं लावून झाली होती. संध्याकाळी छापखान्याला फाइल द्यायची, आणि शेवटची फोटोंची पानं तयार होत असतानाच कॉम्प्युटर पटकन बंद पडला. वीज होती, डोक्यावरचा पंखा फिरत होता. दहा मिनिटांनी चालू केला, थोडा वेळ चालला, पुन्हा तीच गत. चौथ्यांदा बंद पडला तेव्हा मला रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

बेळगावात वडगावला आमचं घर. खालच्या लांबट खोलीत पूर्वी दोन माग होते. २०२० च्या टाळेबंदीनंतर धंदा काही सावरला नाही. माग विकले आणि पुढच्या वर्षी त्या जागी माझं डीटीपीचं टेबल आलं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, श्रद्धांजलीचे फलक असं सगळं मी तिथं बसून करते. मामंजींनी मात्र माग गेल्यापासून त्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. बोलले कधीच काही नाहीत. दारापर्यंत यायचे आणि वळून जायचे.

दुरुस्तीवाल्या मुलाला फोन केला. "वहिनी, मदरबोर्ड गेला असणार. सात हजार धरून चला," तो म्हणाला. ऐन लग्नसराईची निम्मी कमाई! छापखान्याकडून एक दिवस मागून घेतला आणि कपाळाला हात लावून बसले.

माझा दहावीतला मुलगा शाळेतून आला. त्यानं चालू करतानाच बायोस उघडून आतलं तापमान दाखवलं. नुसतं बसून असतानाही ८५! प्रोसेसर फार तापला की आधी आपलं काम मंदावतो, आणि शंभराच्या आसपास पोचून तेवढ्यानंही भागलं नाही तर सरळ बंद होतो, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे माझं यंत्र मेलं नव्हतं, स्वतःला वाचवत होतं.

पण तापावं का? आत पंखे होते की! सुरुवातीपासून मागे एक होता, आणि त्याच मुलानं गेल्या वर्षी पुढे दोन नवे बसवले होते. "आता फ्रिजच झाला बघा," असं म्हणून पैसे घेतले होते.

मी बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावायच्या तयारीत होते, तेवढ्यात संध्याकाळच्या पूजेची उदबत्ती हातात घेऊन मामंजी दारात उभे राहिले. माझा चेहरा बघून असेल, ते आत आले. सहा वर्षं मागाच्या आवाजाशेजारी झोपलेल्या सुनेला त्या घडीला काय वाटलं, ते सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, "पत्रा काढलास तर वारा त्या गरम जागेवरनंच जाईल कशावरनं?" मी गप्प. पत्रा परत लावायला सांगितला आणि उदबत्ती पेटीच्या पुढच्या जाळीपाशी धरली. धूर आत ओढला जायच्या ऐवजी आमच्या तोंडावर आला. मग मागे धरली. तिथंही धूर बाहेरच ढकलला जात होता.

"पुढनंही बाहेर, मागनंही बाहेर. मग आत यायचं कुठनं गं? इथं भिंतीत मोठा पंखा होता आमचा, आठवतोय न्हवं? समोरची खिडकी लावली की तो नुसता भिरभिरायचा. उकाडा हाय तिथंच."

तिन्ही पंखे एकाच पेटीतून हवा उपसत होते. बाहेरची हवा मग मिळेल त्या फटीतून आत घुसत होती आणि येताना शेजारच्या मागांची सुताची तुसं घेऊन येत होती. वायर काढून पेटी उघडली. प्रोसेसरवरच्या छोट्या पंख्याखाली धातूच्या पात्यांची जी चवड असते, तिच्यावर घोंगडीचा तुकडा टाकावा तसा राखाडी थर जमला होता. मामंजींनी तो दोन बोटांनी अख्खा उचलला आणि उजेडात धरला. "पॉलिस्टर हाय. पलीकडच्यांचं."

रंगाच्या ब्रशानं बाकीचं साफ केलं. झटकताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर ती भरमसाट वेगानं फिरून खराब होतात, हे मुलगा बजावत होता. पुढचे दोन्ही पंखे चार-चार स्क्रू काढून उलटे केले. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या बाजूला आडवे दांडे आणि मधोमध चिकटवलेला कागद असतो, त्या बाजूनं वारा बाहेर पडतो. आता दोन आत घेणार आणि एक मागून बाहेर टाकणार. आत येणारी हवा थोडी जास्त असली की फटीतून हवा बाहेर पडते, धूळ आत शिरत नाही. मग गाळायची जागा एकच, पुढची.

तिथं मी जुन्या ओढणीचं मलमल ताणून लावलं, तर तापमान सहा अंशांनी वर! मामंजींनी कापड चिमटीत धरून पाहिलं. "एवढ्या घट्ट विणीतनं वारा जातोय होय?" त्यांनीच मच्छरदाणीचा तुकडा कापून दिला. बारीक धूळ त्यातून जाते, पण तुसं अडकतात. आठवड्याला झटकली की झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत ३५ अंश असताना सगळी ९६ पानं एका दमात झाली. आकडा ७८ च्या वर गेला नाही. खोलीच्या हवेपेक्षा पेटी थंड होणं पंख्याच्या हातात नाही, हेही मी आता मनाशी धरून आहे. त्यामुळे टेबल पत्र्याखालच्या भिंतीपासून सरकवून खिडकीकडे घेतलं. पंखे कायम पूर्ण वेगानं ठेवले होते, ते मुलानं तापमानाप्रमाणे कमी-जास्त होतील असे लावून दिले. नाहीतर त्या घोंघाटात फोनवर गिऱ्हाईकाचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मामंजींना तो आवाज तसाही ऐकू येत नाही. चाळीस वर्षांच्या मागांनी कान नेलेत. म्हणून दुपारचा चहा झाला की ते येतात आणि पेटीच्या मागे तळवा धरून उभे राहतात. पहिल्या दिवशी गरम वारा लागला तेव्हा मी दचकले होते. ते म्हणाले, "बाहेर गरम येतंय ते बरं की. आतलं निघालंय."

परवाही आले, हात धरला आणि विचारलं, "आज लई गरम येतंय. कुणाच्या घरचं लगीन गं?"