शंभर नंबरी

आम्ही विलायतेतली मराठी माणसं सोनं ओळखतो ते हॉलमार्कवरून, नाहीतर सासूबाईंच्या पाटल्यांवरून. पण स्कॉटलंडमधल्या वॉनलॉकहेडच्या ओढ्यात परातीसारखी थाळी घेऊन वाळू धुवायला बसलं, की ही विद्या काही कामाला येत नाही.

पहिल्यांदा जे चमचमतं ते बहुधा अभ्रक! थाळी कलती केली की त्याची चमक पळते. सोनं सावलीतही तसंच पिवळं दिसतं. दुसरा तोतया पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक. सुईनं दाबलं तर त्याचा भुगा होतो, सोन्याला नुसता खळगा पडतो. कसोटीवर पायराइटची रेघ काळपट उमटते, सोन्याची पिवळीच. शिवाय शुद्ध सोनं पाण्याच्या १९ पट जड, पायराइट जेमतेम ५ पट. म्हणून सोनं तळाशी राहतं. आपल्याकडचे झारेकरी सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढत, ते याच न्यायानं.

गंमत म्हणजे ओढ्यातला कण शंभर नंबरी नसतोच! त्यात बहुधा चांदी मिसळलेली असते. तरी त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

आमच्या मंडळींत मुलांच्या इंग्रजीमिश्रित मराठीवरून नेहमी वाद होतो. कुणी हसलं, की मुलं गप्प होतात. मग आजीशी फोनवर बोलायलाही तयार होत नाहीत. आम्हाला वाटतं, त्यांना बोलू द्यावं. चांदी वेगळी काढायचं काम सावकाशीनं करता येतं. त्यासाठी आधी कण हाती लागायला हवा.