वॉरंट नको, पावती पुरे

लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर १९६५ साली चार्ल्स कॅट्झ नावाचा सट्टेबाज सार्वजनिक टेलिफोनच्या बूथमध्ये शिरायचा, दार लावून घ्यायचा आणि मायामी-बॉस्टनला फोन करून पैजा लावायचा. एफबीआयने बूथच्या बाहेरून मायक्रोफोन बसवला. बूथ काचेचा होता, माणूस आत उघड दिसत होता, असं सरकारचं म्हणणं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. त्याने दार लावलं ते डोळ्यांपासून लपायला नव्हे, कानांपासून. आणि वॉरंटशिवाय तिथे कान लावणं, सरकारच्या मनमानी झडतीला आळा घालणाऱ्या चौथ्या घटनादुरुस्तीत बसत नाही. नागरी स्वातंत्र्याचे अमेरिकेतले मोठे निकाल बरेचदा असल्याच माणसांच्या नावावर सापडतात. सज्जनांच्या दारात पोलीस मुळात जातात कशाला?

बारा वर्षांनी त्याच न्यायालयाने एक फट ठेवली. बाल्टिमोरच्या एका चोरीतल्या संशयिताने कोणते नंबर फिरवले याची नोंद पोलिसांनी फोन कंपनीकडून, वॉरंट न काढता घेतली होती. न्यायालय म्हणालं, नंबर त्याने आपणहून कंपनीला दिले, मग त्यात खासगी काय उरलं? एका माणसाचा एक फोन, एवढाच मामला. पण त्या निकालाच्या आधाराने पुढे एनएसए ही गुप्तहेर संस्था कोट्यवधी अमेरिकनांच्या फोनच्या नोंदी गोळा करत होती, हे २०१३ साली एडवर्ड स्नोडेनने फोडलेल्या कागदपत्रांमुळे उजेडात आलं.

‘आपणहून’ या शब्दापाशी मी अडतो. न्यू जर्सीतल्या माझ्या साध्या दिवसात मी काय काय आपणहून देतो! अंडी थोडी स्वस्त पडावीत म्हणून दुकानात फोन नंबर टाकतो. पुलाचा टोल ईझीपासने भरतो. पाऊस कधी येणार हे सांगण्याआधी अ‍ॅप माझा ठावठिकाणा मागतं, तोही देतो. शेजाऱ्याच्या दारावरच्या घंटीतला कॅमेरा माझं कचऱ्याचे डबे बाहेर काढणं टिपतो. त्याला तर मी होही म्हटलेलं नाही.

२०१८ साली न्यायालय थोडं सावध झालं. टिमथी कार्पेंटरवर मोबाइलची दुकानं लुटल्याचा आरोप होता, आणि त्याच्या विरोधात साक्ष दिली ती त्याच्याच मोबाइलने: १२७ दिवसांत ठावठिकाण्याच्या १२,८९८ नोंदी. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालय म्हणालं, यासाठी वॉरंट हवं. कार्पेंटरच्या पदरात मात्र काही पडलं नाही. एफबीआय तेव्हाच्या कायद्याप्रमाणे प्रामाणिकपणे वागली, असं म्हणत अपील न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली.

तरी दार बंद झालं असं वाटलं. मग २०२० साली वर्तमानपत्रांतून कळलं, की सरकारी खाती माहितीच्या दलालांकडून फोनच्या ठावठिकाण्याची माहिती चक्क विकत घेत होती. स्थलांतरितांना शोधण्यासाठीही ती वापरली गेली. मुसलमानांना नमाजाच्या वेळा सांगणाऱ्या एका अ‍ॅपची माहिती दलालामार्फत लष्करी कंत्राटदारांपर्यंत पोचत होती. बाजारात जे कुणालाही मिळतं, ते सरकारने घेतलं तर बिघडलं कुठे, असा या खरेदीमागचा युक्तिवाद. न्यायाधीशापुढे कारण सांगण्यापेक्षा पैसे मोजणं सोपं.

मंडळाच्या गणपतीत जेवताना मी हे सांगू लागलो, तर समोरचे काका म्हणाले, “अहो, आपल्याला काय लपवायचंय?” मग वरणभात कालवता कालवता त्यांनी कॉलेजातल्या मुलीला बजावलं, की त्या मोर्चाचे फोटो कुठे टाकू नकोस, आपला ग्रीन कार्डचा अर्ज अजून लटकलाय. “मी तिथे होते हे फोनला माहितीये, बाबा,” ती म्हणाली. काकांनी ताक मागितलं.

ही खरेदी थांबवायला विधेयक आलं. ओरेगनचे डेमोक्रॅट रॉन वायडन आणि केंटकीचे रिपब्लिकन रँड पॉल हे दोन वेगळ्या पक्षांचे सेनेटर. ते यात एकत्र होते. चौथी घटनादुरुस्ती विकाऊ नाही, असं त्या विधेयकाचं नावच होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध १९९ मतांनी संमत झालं. बायडन सरकारने विरोध केला, सेनेटमध्ये ते मतदानापर्यंत पोचलंच नाही. पुढच्या जानेवारीत सरकार बदललं. खरेदीची सोय मात्र जाणाऱ्यांनी येणाऱ्यांच्या हाती शाबूत ठेवली.