सायकलीवरची वळकटी

आमच्या तरुणपणीं सायकल म्हणजे लोखंडी. मागच्या कॅरिअरवर वळकटी आवळावी, हँडलला डबा अडकवावा आणि पन्हाळ्यास मुक्कामाला निघावें. चढावर ती हातीं धरून चालावें लागे, हें मात्र घरीं आल्यावर आम्ही सांगत नसूं.

गेल्या दत्तजयंतीस माझा नातू सायकलीनें नरसोबाच्या वाडीस मुक्कामाला निघाला. कोल्हापुराहून वाट ४५-५० किलोमीटरांची. त्याची सायकल कार्बनच्या तंतूंची. एका हातानें सहज उचलावी इतकी हलकी. घरांत धांदल उडाली. सूनबाईंनीं दशम्या बांधल्या, आमच्या सौ.नें चादर, पंचा व लाडवांचा डबा पुढें केला, आणि मीं बाजारांतून कॅरिअर आणलें. त्याचे स्क्रू बसविण्यास फ्रेमला भोकेंच नव्हतीं. म्हणून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांना पट्ट्या लावून मी पान्यानें आवळूं लागलों.

"आजोबा, थांबा!" नातू म्हणाला. पस्तीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्यास पाना धरतां येत नाहीं कीं काय, असें वाटून मीं आणखी एक फेरा दिला. बारीक कट्‌कन् आवाज झाला.

नातू कांहीं बोलला नाहीं. एस.टी.नें वाडीस गेला.

परत आल्यावर त्यानें समजावून सांगितलें. लोखंड बहुधा आधीं वांकतें, मग मोडतें. कार्बन पुष्कळदां पूर्वसूचना न देतांच तुटतो. तंतूंच्या दिशेनें तो मोठा ताण सोसतो, परंतु पोकळ नळी चिमट्यांत धरली कीं फुटते. बांबूचा स्वभाव असाच असतो, हें मला ठाऊक होतें. तेथें मात्र तें आठवलें नाहीं. भरधाव उतारावर ती नळी गेली असती तर, या विचारानें त्या रात्रीं मला झोप आली नाहीं.

एका जाणकारानें तंतूंचे नवे थर राळेनें बसवून नळी दुरुस्त केली. खर्च मीं माझ्या पेन्शनींतून दिला. आतां कॅरिअर नाहीं, पिशव्या आहेत. पाणी, पाने व इतर जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणांत. कपडे सीटमागच्या लांबट पिशवींत. चादर हँडलवर, ब्रेकच्या तारा मोकळ्या राहतील अशा बेतानें. पट्टे घासतात तेथें पारदर्शक चिकटपट्टी, कारण धूळ आणि पट्टा मिळून कानशीचें काम करतात.

माघांत तो पुन्हा निघाला. सौ.नें सामान स्वयंपाकघरांतल्या काट्यावर तोललें आणि लाडवांचा डबा आपणच परत फडताळांत ठेवला. मीं पट्टे ओढून पाहिले नाहींत. "सारें ठीक ना रे?" एवढेंच त्याला विचारलें.