रस्त्याचं पूर्ण नाव

कस्तुरबा गांधी मार्ग, नवी दिल्ली
महाशिवरात्र

ती. मावशीस,


तुझं पत्र मिळालं. मी रोज जाते त्या रस्त्यावर कस्तुरबांचं, आपल्या बांचं काही आहे का, असं विचारलंस. पाटीवर नाव आहे, एवढंच. बोलताना तेही कुणी पूर्ण घेत नाही, सगळे 'केजी मार्ग' म्हणतात. कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता पूर्वी कर्झनच्या नावाचा होता. व्हाइसरॉयचं नाव उतरवून इंग्रजांच्या कैदेत प्राण सोडलेल्या बाईचं दिलं, याचं मला फार समाधान वाटतं.

नवं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. दुपारी तिथे जेवून येताना ब्रिटिश कौन्सिलची इमारत दिसते, ती वास्तुकार चार्ल्स कोरियांची. तू सकाळी आगाखान पॅलेसमध्ये बांच्या ज्या समाधीपाशी बसतेस, तिची रचनाही त्यांचीच. हे कळलं त्या दिवशी तू मला फार जवळ वाटलीस.

पण तू बांना 'मुकी पतिव्रता' लिहिलंस, ते मला सोसलं नाही. आईच्या तेराव्यालाही लोक हेच म्हणत होते, कधी वर तोंड करून बोलली नाही म्हणून. ते किती खोटं, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

1901 साली दक्षिण आफ्रिका सोडताना लोकांनी दागिने दिले, त्यात बांसाठी सोन्याचा हार होता. गांधीजींनी सगळं ट्रस्टला द्यायचं ठरवलं. बा म्हणाल्या, माझ्या अंगावरचे दागिने उतरवलेत, आता मुलांनाही साधू करणार. सुना येतील त्यांना मी काय घालू? आणि तुमच्या सेवेत माझे कष्ट नाहीत का? दिवसरात्र राबलेल्या बाईचा तो हिशेब होता. हार गेलाच. पण तो सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

आणि 1913! केप प्रांतातल्या न्यायालयाने निकाल दिला, की ख्रिस्ती पद्धतीने न झालेलं आणि तिथे न नोंदलेलं लग्न कायद्याने लग्नच नव्हे. म्हणजे चार मुलगे झालेली, कोवळ्या वयापासून संसार करणारी ही बाई कायद्याने बायको नाही! गांधीजी इतर बायकांशी याविरुद्धच्या सत्याग्रहाचं बोलत होते. ते बांच्या कानावर आलं आणि त्या रागावल्या, की मला का विचारलं नाही, मी तुरुंगाला नालायक आहे का? सप्टेंबरात सोळा जणांच्या तुकडीतून त्या फिनिक्स वसाहतीहून निघाल्या. अटक होऊन तीन महिने सक्तमजुरी झाली. तेव्हा त्या 44 वर्षांच्या होत्या. सुटल्या तेव्हा तब्येत पार खालावली होती. बायकोपणासाठी कुणी सक्तमजुरी भोगलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही. तू याला मुकेपणा म्हणशील?

आई म्हणून मात्र त्यांची ओढाताण मला वाचवत नाही. थोरला हरिलाल बापापासून तुटला, व्यसनात बुडाला. 1944च्या फेब्रुवारीत, बा आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, शेवटच्या दुखण्यात असताना तो दारू पिऊन भेटायला आला. त्यांनी कपाळ बडवून घेतलं. धाकट्या देवदासने कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलिन मागवलं. आता तिला सुया टोचून त्रास देऊ नका, असं गांधीजींचं म्हणणं पडलं. मी देवदासच्या जागी असते तर हट्ट धरला असता. आईच्या वेळी मी तेच केलं, आणि तिला त्याने काय मिळालं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तुझ्याजवळ उत्तर असलं तर लिही.

22 फेब्रुवारीला संध्याकाळी त्या गेल्या. त्या दिवशीही महाशिवरात्रच होती. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवली होती. चिता विझल्यावर राखेत त्यांच्या काचेच्या पाच बांगड्या अखंड सापडल्या. समाधीपाशी जाशील तेव्हा माझ्या नावाने थोडा वेळ बस.

मी हल्ली रिक्षात बसताना 'कस्तुरबा गांधी मार्ग' असं पूर्ण सांगते. रिक्षावाला क्षणभर थांबतो, मग म्हणतो, "अच्छा, केजी मार्ग!" तरी उद्याही मी तसंच सांगणार आहे.

पाय जपून टाक. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची