दोन पट्ट्यांच्या मधे

सारंगी, कयाधूकाठच्या या मुलखात सांजेचा उजेड फार वेळ रेंगाळतो. हदगावच्या माळवदांवरून तो सावकाश उतरतो. त्याच्यासोबत वाजावं असं इथं आता काही नाही.

एकाच ओंडक्यातून कोरलेली तू. पोटावर बकऱ्याचं कातडं. वर आतड्याच्या तीन तारा, खाली तरफांची दाटी. गज वरच्या तारेवर फिरायचा आणि खालच्या, कुणी न छेडलेल्या तारा आपसूक थरथरायच्या.

कुणी न छेडलेल्या.

1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. त्या हैदराबादेत कधीकाळी माहलका बाई चंदा गायची, नाचायची, गझल लिहायची. 1824 साली ती गेली. मौला अलीच्या डोंगराशी तिचा मकबरा आहे, तिचे शेर आहेत. आणि नाचणारणींच्या मागं उभे असलेले ते? कमरेला शेल्यानं तुला बांधून, ती सरकेल तिकडं सरकत, तिनं भाव दाखवायला ओळ थांबवली की लेहऱ्याचं तेच आवर्तन पुन्हा पुन्हा तिच्या पायाखाली अंथरत, नखांच्या मुळाशी घट्टे पडलेल्या बोटांनी, पलित्यांच्या धुरात, अत्तराच्या वासात, तिचा श्वास सरेल तिथून तिचाच स्वर उचलून पुढं नेत रात्र उलटेपर्यंत जे वाजवत राहिले, त्यांच्यावर उजेड कधी थांबला नाही. तो पडायचा तिच्या पावलांवर, आणि पावलं थांबली की विझायचा.

दूर फ्रान्सात 1589 साली थ्वानो आर्बो नावाच्या पाद्र्यानं दरबारी नाच कागदावर उतरवले. सुरांशेजारी पावलं. संथ पावान, उसळता गॅलियार्ड. तिथल्या व्हायोल या गजाच्या वाद्यालाही आतड्याच्याच तारा. दूरची बहीणच तुझी. तीही मुकी झाली होती. पुढं लोकांनी जुने कागद उघडले, लाकूड कोरलं, आणि ती पुन्हा बोलली.

आर्बोच्याच सुमाराला विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहानं आपल्या तंबूरला नाव दिलं होतं, मोतीखान.

तुला नाव नाही. तुझ्यामागं कागदही नाही. बापाच्या बोटांतून लेकाच्या बोटांत, एवढीच तुझी वही.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते. लावणी उभी राहते. ढोलकी कडाडते, घुंगरू बेभान होतात, पेटी सूर धरते. ते सगळं मला जिवापाड प्रिय आहे. पण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे एक फट असते. षड्जाकडून रिषभाकडं जाताना तू ज्या वाटेनं जायचीस, थबकत, ओलावत, जणू पोहोचायचंच नाही अशी, ती वाट त्या फटीत पडली आहे. माझा कान तिथंच अडकतो. ढोलकीची थाप पुढं निघून जाते.

नाचणारी गिरकी घेते. क्षणभर मागं बघते. मागं पेटी आहे, ढोलकी आहे, माणसं दाटीनं बसली आहेत.

तुझी जागा रिकामीसुद्धा राहिली नाही, सारंगी. तेवढंच मला सोसत नाही.